उन्हाळ्यांच्या वाटेवर, ग्रॅव्हिमीटर घेऊन

सोमवार : आरवली, तुरळ, राजवाडी

मुंबई-गोवा महामार्गावर संगमेश्वर येण्याआधी आरवली, तुरळ आणि राजवाडी ही गावं लागतात. तिन्ही ठिकाणी जमिनीतून गरम पाणी येतं. अशा झऱ्यांना इथं उन्हाळे म्हणतात. उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत, तीनशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात असे झरे विखुरलेत, आणि तो पट्टा साधारण किनाऱ्याला समांतर जातो. पाण्याचं तापमान ठिकाणाप्रमाणे ३५ ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. हे पाणी कुठून येतं, किती खोलवर जाऊन येतं आणि नेमक्या याच गावांत का वर येतं, हे शोधण्याचा एक मार्ग गुरुत्वाकर्षण मोजण्यातून जातो. तेवढ्यासाठीच आम्ही आलो आहोत. सर, ग्रॅव्हिमीटर म्हणजे गुरुत्व मोजणारं यंत्र चालवणारी ताई, जीपीएस सांभाळणारे दोन विद्यार्थी आणि नोंदवही धरणारा मी.

सकाळी पहिलं काम बेस स्टेशन ठरवण्याचं. शाळेच्या व्हरांड्याचा एक कोपरा मिळाला. जमीन पक्की, वर छप्पर, महामार्गापासून बऱ्यापैकी लांब. आमचं यंत्र एका जागेचं गुरुत्व थेट सांगत नाही, दोन जागांमधला फरक सांगतं. त्यामुळे दिवसाची सुरुवात बेसवर, दर दोन-तीन तासांनी पुन्हा बेसवर आणि शेवटही बेसवरच. आत क्वार्ट्‌झची वितळवून ओढलेली स्प्रिंग आहे. ती हळूहळू ताणत जाते, म्हणून एकाच जागचं रीडिंग सकाळ-संध्याकाळ थोडं बदलतं. या सरकण्याला ड्रिफ्ट म्हणतात. तो कळण्यासाठीच या फेऱ्या.

ताई यंत्र तिपाईवर ठेवते, तीन स्क्रू फिरवून ते सपाटीला आणते आणि मग सगळ्यांना हात करून थांबवते. मिनिटभर कुणी पाऊल टाकायचं नाही. पडद्यावर आकडा स्थिरावत जातो. दशांशानंतर तीन घरं, म्हणजे मिलीगॅलचा हजारावा भाग. गॅल हे गुरुत्वाचं एकक, आणि मिलीगॅल त्याचा हजारावा भाग. पृथ्वीचं गुरुत्व या अक्षांशावर ९७८ गॅलच्या थोडं वर आहे, म्हणजे एक मिलीगॅल हा त्याचा जवळपास दहा लाखावा भाग. आम्हाला हव्या असलेल्या खुणा बऱ्याचदा एका मिलीगॅलच्याही आत असतात.

तुरळच्या कुंडापाशी एक काका उभे होते. त्यांनी विचारलं, "तेल शोधताय काय?"

सर म्हणाले, "नाही काका, हे पाणी गरम कशानं होतं ते शोधतोय."

"कशानं म्हणजे? खाली ज्वालामुखी आहे ना."

हा समज कोकणात सगळीकडे आहे आणि तो स्वाभाविकही आहे, कारण पायाखाली सगळा लाव्हाच आहे. पण दख्खनचा हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात त्याची धग केव्हाच विरून गेली. सरांनी काकांना सरळ हिशेब सांगितला. जमिनीत खाली जाताना सर्वसाधारणपणे किलोमीटरमागे २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून दोन-अडीच किलोमीटर खोल गेलं की तिथला खडकच त्याला नव्वदच्या आसपास तापवतो. मग वर यायला मोकळी वाट मिळाली, तर वाटेत थोडं निवूनही ते गरमच बाहेर पडतं. ज्वालामुखीची गरज नाही. गरज आहे ती खोल भेगेची.

काका म्हणाले, "म्हणजे तुम्ही भेग शोधताय."

आमचं काम याहून नेमक्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं.

मंगळवार : आडवी रेषा

काल झऱ्यांजवळची स्टेशनं, म्हणजे मोजणीच्या जागा, झाल्या. आज झऱ्यांच्या पट्ट्याला काटकोनात, पूर्व-पश्चिम रेषा. भेगा साधारण उत्तर-दक्षिण जात असतील, तर त्यांना आडवं छेदूनच त्या सापडतील. दर दोनशे मीटरवर एक स्टेशन, झऱ्याच्या जवळ दर पन्नास मीटरवर.

ग्रॅव्हिमीटरला उष्णता दिसत नाही, हे या कामात सतत लक्षात ठेवावं लागतं. त्याला दिसतं वस्तुमान. खालचा खडक जड असेल तर रीडिंग किंचित वाढतं, हलका असेल तर किंचित घटतं. उष्णतेशी त्याचा संबंध आपण जोडायचा आणि तो प्रत्येक प्रदेशात वेगळ्या तऱ्हेनं जोडावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या गीझर्स क्षेत्राच्या बाजूला क्लिअर लेकचा ज्वालामुखी प्रदेश आहे. तिथं गुरुत्वाचा मोठा खड्डा दिसतो, कारण खोलवर गरम आणि हलकं वस्तुमान आहे. त्याच राज्याच्या दक्षिणेला सॉल्टन सीजवळ नेमकं उलट. तिथं भूऔष्णिक क्षेत्रावर गुरुत्व जास्त भरतं. गरम खारट पाण्यानं गाळाच्या खडकांतली छिद्रं खनिजांनी बुजवून टाकली, खडक घट्ट झाला आणि जड झाला. म्हणजे एकाच राज्यात उष्णतेची खूण एका ठिकाणी खड्डा, दुसऱ्या ठिकाणी उंचवटा. ‘गुरुत्व कमी म्हणजे गरम’ असं सूत्र पाठ करून आलेला माणूस इथं फसतो.

कोकणात तर आणखी एक उलटापालट आहे. गाळाच्या खोऱ्यांमध्ये खालचा जुना स्फटिकी खडक जड आणि वरचा गाळ हलका. तिथं जुना खडक वर आला की गुरुत्व वाढतं. इथं वर बेसाल्ट आहे, घनता २.८ ते २.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. खाली ग्रॅनाइट-नाइस, सुमारे २.६५ ते २.७. जड थर वर, हलका खाली. त्यामुळे जुना खडक जिथं वर उचलला गेला असेल तिथं गुरुत्व घटेल. समजा एखाद्या प्रस्तरभंगानं, म्हणजे खडक तुटून सरकल्यानं, एका बाजूचा तळ १०० मीटर खाली गेला आणि दोन्ही खडकांच्या घनतेत ०.२ चा फरक आहे, तर रीडिंगमध्ये सुमारे ०.८ मिलीगॅलची पायरी पडते. आम्हाला अशी पायरी हवी आहे. तिच्यावर झरा बसलेला असेल, तर पाण्याच्या वाटेबद्दल काही ठामपणे बोलता येईल.

दुपारी कोकण रेल्वेच्या मार्गाजवळ स्टेशन होतं. ताईनं यंत्र लावलं, रीडिंग सुरू झालं आणि पडद्यावरचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रीडिंगमधली चलबिचल, एकदम चढू लागलं. गाडी अजून दिसतही नव्हती. अर्ध्या मिनिटानं मालगाडी आली आणि बराच वेळ जात राहिली. ताईनं ते रीडिंग सोडून दिलं, गाडी गेल्यावर आणखी काही मिनिटं वाट पाहिली आणि मग दोन रीडिंगं घेतली. ती एकमेकांशी जुळली तेव्हाच मला म्हणाली, "लिही."

बुधवार : सड्यावर

आजचा दिवस मला सगळ्यात मोलाचा वाटला, जरी आज एकाही झऱ्याकडे गेलो नाही.

गुरुत्व सर्वेक्षणाचा निम्म्याहून जास्त भाग म्हणजे दुरुस्त्या. उंचीवर गेलं की पृथ्वीच्या केंद्रापासून अंतर वाढतं, म्हणून मीटरमागे ०.३०८६ मिलीगॅल कमी भरतात. पण त्याच वेळी पायाखाली जास्तीचा खडक येतो आणि तो काही अंशी भरपाई करतो. या दुसऱ्या परिणामाच्या दुरुस्तीला बूगे दुरुस्ती म्हणतात. प्येर बूगे हे फ्रेंच शास्त्रज्ञ १७३५ मध्ये निघालेल्या मोहिमेतून आजच्या इक्वेडोरमध्ये गेले होते. पर्वताच्या वस्तुमानाचा लंबकावर आणि ओळंब्यावर काय परिणाम होतो, हे त्यांनी अँडीजमध्ये तपासलं. जवळपास तीनशे वर्षांनंतरही आपण त्यांचंच नाव लावलेला आकडा काढतो.

ही दुरुस्ती करायला खडकाची घनता माहीत हवी. पुस्तकातला नेहमीचा आकडा २.६७. तो कोकणात लावला तर प्रत्येक टेकडीवर खाली नसलेल्या फरकाची खूण, म्हणजे एक खोटी अ‍ॅनॉमली उभी राहील. इथं वर जांभा आहे, सच्छिद्र आणि हलका. त्याखाली बेसाल्टचे थर, काही घट्ट, काही बुडबुड्यांनी भरलेले. १९३९ मध्ये नेटलटन यांनी सुचवलेली पद्धत यासाठी अजूनही वापरतात. एखाद्या टेकडीवरून आरपार रेषा मोजायची. मग वेगवेगळ्या घनता धरून बूगे दुरुस्ती करायची. ज्या घनतेला आलेखात टेकडीचा आकार दिसेनासा होतो, ती त्या टेकडीची घनता.

त्यासाठी सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, उत्तम. एका बाजूनं ओढ्याच्या पात्रातून चढ, वर सपाट माळ, दुसऱ्या बाजूनं उतार. विद्यार्थ्यांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत जीपीएसचे बिंदू घेतले. वाटेत कातळाचे तुकडे गोळा केले आणि संध्याकाळी त्यांचं हवेत आणि पाण्यात वजन करून घनता काढली. जांभ्याचा तुकडा पाण्यात टाकला की कितीतरी वेळ त्यातून बुडबुडे येत राहतात. ते थांबेपर्यंत वजन घ्यायचं नाही, नाहीतर छिद्रांतली हवाही मोजली जाते.

उंचीची गोष्ट इथं सांगायलाच हवी. दहा सेंटिमीटरची चूक म्हणजे ०.०२ मिलीगॅल. तेवढी चालते. एक मीटरची चूक म्हणजे ०.२, आणि मग आपण शोधत असलेली बारीक खूण त्यात बुडून जाते. म्हणून फोनमधला जीपीएस उपयोगाचा नाही. एक रिसीव्हर ज्ञात बिंदूवर, दुसरा आपल्याबरोबर, अशी जोडी लागते. एका विद्यार्थ्यानं आज विचारलं की उपकरणावर कच्ची उंची उणे का दिसते. उत्तर गुरुत्वातच आहे. जीपीएस पृथ्वीसाठी धरलेल्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतो आणि भारताच्या आसपास समुद्राची सरासरी पातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. कोकण किनाऱ्यावर साठ-सत्तर मीटर, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभरहून जास्त. हिंदी महासागराखालचं गुरुत्व जगात सगळ्यात कमी भरणाऱ्या भागांपैकी आहे आणि त्याचा परिणाम सड्यावरच्या आमच्या वहीत उणे चिन्ह होऊन उतरला.

गुरुवार : किनाऱ्यापासून आंबा घाटापर्यंत

झऱ्याजवळची बारीक खूण वेगळी काढायची, तर आधी मोठा उतार माहीत हवा. किनाऱ्याकडून सह्याद्रीकडे जाताना बूगे मूल्य, म्हणजे सगळ्या दुरुस्त्यांनंतर उरणारा गुरुत्वाचा आकडा, घटत जातं. हे या प्रदेशाचं जुनं, नीट मोजलेलं लक्षण आहे. पठाराखाली हलकं वस्तुमान जास्त आहे. हा प्रादेशिक उतार वजा केल्यावर जे उरेल ते आमचं.

पहाटे रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ पहिलं स्टेशन. लाटांच्या आदळण्यानं जमीन सतत बारीक थरथरत असते. आपल्याला ती जाणवत नाही, यंत्राला जाणवते. आतल्या गावांत मिनिटभरात स्थिरावणारा आकडा इथं तीन-चार मिनिटं मागतो. मग पाली, साखरपा करत घाटाकडे. गाडीत ग्रॅव्हिमीटर ताईच्या मांडीवर, खाली जाड फोम. जास्त हादरे बसले की स्प्रिंगला सावरायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक स्टेशनवर उतरल्यावर थोडं थांबायचं.

घाट चढताना रीडिंग शंभर मीटरमागे वीसेक मिलीगॅलनी उतरत गेलं. घाटाच्या वळणांवर मात्र साधं गणित पुरत नाही. शेजारी उभा डोंगर असेल तर तो यंत्राला वरच्या बाजूनं ओढतो आणि रीडिंग कमी होतं. शेजारी दरी असेल, तर बूगे दुरुस्तीनं जिथं खडक धरला तिथं प्रत्यक्षात हवाच असते. म्हणजे तिथंही दुरुस्ती त्याच दिशेनं करावी लागते. डोंगर असो की दरी, भूरूपाची दुरुस्ती नेहमी अधिक चिन्हाचीच. पूर्वी ती हॅमर यांच्या वर्तुळाकार तक्त्यानं नकाशावर हातानं काढत. आता उपग्रहाच्या उंचीनकाशावरून संगणक काढतो. तरी स्टेशनपासूनच्या पहिल्या वीस-तीस मीटरमधला बांध, चर किंवा रस्त्याचा कटिंग त्या नकाशात नसतो. तो डोळ्यांनी पाहून वहीत काढावा लागतो. माझी आजची पानं अशा छोट्या चित्रांनी भरलीत.

माथ्यावर पोचल्यावर सरांनी उत्तरेकडे हात केला. त्या बाजूला कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर त्या भागाचा अभ्यास थांबलेला नाही. तिथं गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विंधनविहीर घेतली गेली. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. आमच्या रेषेसाठी ही माहिती लाखमोलाची आहे, कारण गुरुत्वाच्या आलेखावरून रचलेल्या प्रतिकृतीला कुठेतरी खरा खडक टेकवावा लागतो.

शुक्रवार : राजापूर

उन्हाळ्याचा झरा राजापूरजवळ, अर्जुना नदीच्या काठी. इथं नदीपात्र, उतार आणि झाडी यांमुळे जीपीएसला आकाश कमी मिळतं. विद्यार्थ्यांनी प्रत्येक बिंदूवर जास्त वेळ थांबून निरीक्षणं घेतली. मी झऱ्याच्या तोंडाशी तापमान घेतलं आणि पाण्याचे नमुने भरले. एक नमुना आम्ल घालून, एक तसाच. पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून ते खाली किती तापलं होतं याचा अंदाज बांधता येतो, कारण गरम पाण्यात क्वार्ट्‌झ जास्त विरघळतं आणि वर येताना ते लगेच खाली बसत नाही. कोकणातल्या झऱ्यांमध्ये पृष्ठभागावरच्या तापमानापेक्षा खालचं तापमान बरंच जास्त निघतं.

दक्षिणेकडे सिंधुदुर्गात शिरलं की बेसाल्टची चादर संपत येते आणि जुने खडक उघडे पडतात. म्हणजे राजापूरपाशी गुरुत्वाचं कोडं संगमेश्वरापेक्षा वेगळं आहे. दोन्ही ठिकाणी झरे आहेत, पण वरचं आवरण सारखं नाही. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. झऱ्यांचा पट्टा बेसाल्टच्या जाडीकडे न पाहता पुढे जात असेल, तर त्याला धरून ठेवणारी भेग बेसाल्टहून जुन्या आणि खोल खडकात असण्याची शक्यता वाढते.

संध्याकाळी लॅपटॉपवर पहिला कच्चा आलेख. सरांनी त्याच वक्रावर तीन प्रतिकृती बसवून दाखवल्या. एकीत उभा प्रस्तरभंग, दुसरीत भेगाळलेल्या हलक्या खडकाचा अरुंद पट्टा, तिसरीत फक्त वरच्या जांभ्याची बदलती जाडी. तिन्हींची रेषा मोजलेल्या बिंदूंमधून सारखीच गेली. गुरुत्वाची ही मर्यादा जन्मजात आहे. वस्तुमानाची वेगवेगळी मांडणी वर सारखाच आकडा देऊ शकते. एक विद्यार्थी जरा हिरमुसला. सर त्याला म्हणाले, "अरे, काल दहा शक्यता होत्या, आज तीन आहेत. आता या तिघींना वेगळं काय करेल ते सांग."

त्यानं विचार करून सांगितलं, "विद्युतवाहकता, सर."

बरोबर. झऱ्यांचं पाणी खारट आहे, क्षारयुक्त पाण्यानं भरलेली भेग वीज चांगली वाहते. कोरड्या बेसाल्टमधला प्रस्तरभंग नाही वाहत. म्हणून पुढचं साधन मॅग्नेटोटेल्युरिक, जमिनीची खोलवरची विद्युतवाहकता मोजणारं तंत्र. लडाखमधल्या पुगा खोऱ्यातही या तंत्रानं सुमारे दोन किलोमीटर खोलीवरच्या वाहक पट्ट्याचा अंदाज मिळाला. पण ती उपकरणं महाग, एकेका ठिकाणी रात्रभर ठेवावी लागतात. ती कुठं ठेवायची हे स्वस्त आणि चपळ गुरुत्व सर्वेक्षणानं ठरवायचं. विंधनविहीर तर त्याहून कितीतरी पट महाग. चुकीच्या जागी घेतलेली एक विहीर अख्ख्या प्रकल्पाचा जीव घेते.

शनिवार : परतीच्या वाटेवर बेरीज

सकाळी तुरळच्या रेषेवरची निवडक स्टेशनं पुन्हा मोजली. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तापमानात त्याच जागेचं रीडिंग कितपत जुळतं यावरच सगळ्या सर्वेक्षणाचा भरवसा ठरतो. चंद्र-सूर्याच्या ओढीनं जमीनही भरती-ओहोटीसारखी हलते आणि दिवसभरात ०.३ मिलीगॅलपर्यंत फरक पडू शकतो. तो सूत्रानं वजा केला, ड्रिफ्ट काढला आणि पुनर्मोजणी पहिल्या आकड्यांजवळ आली. ताईनं पहिल्यांदाच यंत्राची पेटी जरा सावकाश बंद केली.

गाडीत चर्चा रंगली ती या पाण्याचं करायचं काय यावर. अलास्कात चेना इथं २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज करतात. मग कोकणात का नाही? माझं मत असं की तुलना करताना थंड बाजू विसरू नये. चेनाला थंड करायला चार-पाच अंशांचं पाणी मिळतं. आपल्याकडे अठ्ठावीस-तीसचं. ७० अंशांच्या पाण्यातून उष्मागतिकीच्या नियमानं मिळू शकणारा कमाल वाटा तिथं वीस टक्क्यांच्या आसपास, इथं बारा, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणून खाली १००-१२० अंशांचं पाणी पोचण्याजोग्या खोलीवर आहे का, हे कळेपर्यंत विजेची भाषा मी करणार नाही. पण काजू, मासळी, आंबापोळी वाळवायला आणि उष्णतेवरच चालणाऱ्या शोषण पद्धतीच्या शीतगृहांना ही उष्णता चांगली कामाला येईल. ज्या किनाऱ्यावर माल टिकवण्याच्या सोयीअभावी नासतो, तिथं हे काही लहान काम नाही.

वीज असो की वाळवण, पाणी उपसायला सुरुवात झाल्यावरही ग्रॅव्हिमीटरची गरज संपत नाही. न्यूझीलंडमधल्या वैराकेईचं वीजकेंद्र १९५८ मध्ये सुरू झालं आणि तिथं १९६० च्या दशकापासून त्याच त्याच बिंदूंवर गुरुत्व मोजत आले. जमिनीतून किती पाणी गेलं आणि त्यातलं किती आपोआप भरून आलं, हे त्या फरकांवरून काढता आलं. काही भागात जमीन दहा मीटरहून जास्त खचली, तीही याच मोजण्यांत धरावी लागली. म्हणून सरांनी आमच्या प्रत्येक महत्त्वाच्या स्टेशनवर कातळात पितळी खिळा ठोकून घेतला. उद्या कुणी इथं विहीर घेतली, तर त्याआधीचं गुरुत्व नोंदलेलं असेल.

आता पुढचं ठरलंय. भूरूपाची दुरुस्ती पूर्ण करायची, सड्यावरून निघालेली घनता सगळ्या रेषेला लावून पाहायची, प्रादेशिक उतार सरळ रेषा धरून आणि मग वक्र धरून, असा दोन्हींनी वजा करायचा. दोन्ही तऱ्हांनी जी पायरी टिकेल, तिच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेटोटेल्युरिकची स्टेशनं. पावसाळा सुरू व्हायच्या आत ती लागायला हवीत, कारण जांभा पाणी प्यायला की वरच्या थराचं वजनही बदलतं आणि वाहकताही.